कामाबरोबर निर्णयही सोपवा: संस्थाचालकांस खुले पत्र

प्रति,
गोमंतकातील देवस्थान समित्या, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, नाट्यमंडळे आणि भजनी मंडळे यांचे अध्यक्ष, कार्यवाह व खजिनदार यांस

स. न. वि. वि.

येत्या काही महिन्यांत आपल्यापैकी बऱ्याच संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा भरतील. अहवालवाचन होईल, हिशेब मंजूर होतील आणि आभारप्रदर्शनाच्या आधी कोणीतरी ज्येष्ठ सभासद उठून 'हल्ली तरुण मंडळी पुढे येत नाहीत' अशी खंत व्यक्त करतील. पेडणे ते काणकोण अशा अनेक संस्थांच्या सभांना सभासद किंवा निमंत्रित म्हणून बसलेला मी एक सामान्य कार्यकर्ता आहे आणि ही खंत मला आता पाठ झाली आहे. तिच्याशी मी सहमत नाही. माणसे पुढे येतात. त्यांत तरुण असतात, निवृत्त शिक्षिका असतात, दिवसभर बँकेत नोकरी करून संध्याकाळी ग्रंथालयात बसणारे असतात. ती वर्ष-दोन वर्षे राबतात आणि मग गुपचूप बाजूला होतात. का होतात, याचा विचार आपण पदाधिकाऱ्यांनी करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एका संस्थेतील प्रसंग सांगतो; तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण नाव बदलले तरी प्रसंग बदलणार नाही. व्याख्यानमालेचे काम दोन तरुण सभासदांकडे देण्यात आले. 'आता सगळे तुमच्यावर' असे अध्यक्षांनी भर बैठकीत जाहीर केले आणि टाळ्याही पडल्या. वक्त्यांची नावे मात्र आधीच ठरलेली होती, सभागृह अध्यक्षांच्या ओळखीचे होते, निमंत्रणपत्रिकेचा मसुदा तीन ज्येष्ठांना दाखवल्याशिवाय छपाईला देता येत नव्हता आणि खर्चाची प्रत्येक बाब खजिनदारांच्या होकारावर अडलेली होती. ध्वनिव्यवस्थेवाल्याने आगाऊ रक्कम मागितली, तेव्हा अध्यक्ष पुण्याला नातवाच्या मुंजीत होते आणि खजिनदारांनी 'अध्यक्षांना विचारा' म्हटले. तो माणूस दुसऱ्याच्या कार्यक्रमाला गेला आणि ऐन वेळी आणलेल्या ध्वनिक्षेपकाने पहिल्याच व्याख्यानाची वाट लावली. पुढच्या बैठकीत जाब विचारला गेला तो अर्थातच त्या दोघांना. पुढच्या वर्षी ते दोघे सभासद म्हणून वर्गणी भरत होते, कार्यकर्ते म्हणून दिसले नाहीत. त्यांच्याकडून काम घेतले गेले, दोषही त्यांच्या पदरी टाकला गेला. एक निर्णय तेवढा त्यांना कधी दिला गेला नाही.

अधिकार सोपवणे म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे जो गोंधळ आहे त्याचे मूळ येथे आहे. कोणाकडे काम देताना त्या कामापुरता निर्णय घेण्याचा हक्क त्याच्याकडे गेला पाहिजे आणि त्या कामाचे अंतिम उत्तर देण्याची बांधिलकी मात्र देणाऱ्याकडेच राहिली पाहिजे. आपण नेमके उलट करतो. निर्णय स्वतःकडे ठेवतो आणि उत्तर द्यायला दुसऱ्याला उभे करतो. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये प्रतिनिधीविषयीची जी कलमे आहेत, ती व्यापारी व्यवहारांसाठी असली तरी त्यांतील विचार आपल्या संस्थांनाही वाटाड्या ठरावा असा आहे. जे काम प्रतिनिधीने स्वतः करण्याचे पत्करले आहे, ते त्याने परस्पर दुसऱ्यावर ढकलू नये, असे कलम १९० सांगते. परंतु व्यवसायाच्या रूढीनुसार किंवा कामाच्या स्वरूपामुळे उपप्रतिनिधी नेमणे योग्य वा आवश्यक असेल, तर त्याला मोकळीकही देते. असा उपप्रतिनिधी रीतसर नेमल्यावर त्याच्या कृत्यांबद्दल मूळ धन्यापुढे जबाबदार कोण, तर ज्याने त्याला नेमले तो प्रतिनिधी, असे कलम १९२ म्हणते. आणि कलम २०४ नुसार, दिलेला अधिकार अंशतः वापरला गेल्यानंतर, त्या वापरातून आधीच उभ्या राहिलेल्या कृती व बंधने यांच्यापुरता तो धन्याला मागे घेता येत नाही. मंडपवाल्याशी कार्यकर्त्याने ठरवलेला दर नंतर 'आम्हांला विचारले नव्हते' म्हणून नाकारणाऱ्या समित्यांनी हे शेवटचे कलम एकदा वाचावे.

या विचारात आपणही धनी नाही, प्रतिनिधीच आहोत. धनी आहेत ते सभासद किंवा देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद असलेले महाजन, ज्यांनी ठरावीक मुदतीसाठी आपल्याला निवडून दिले. आपल्या हातातला अधिकार आधीच कोणीतरी सोपवलेला असतो. तो पुढे सोपवताना आपले काहीतरी हिरावले जात असल्यासारखे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या संस्थेची घटना पुन्हा उघडून पाहावी.

गोव्यातल्या माणसाला हे शिकवायची गरज नसावी. बोटीवर किंवा आखातात नोकरी करणारा आपला भाऊ गावच्या घराचे व भाटाचे, म्हणजे माडांच्या बागेचे, व्यवहार पाहण्यासाठी मुखत्यारपत्र करतो, तेव्हा वकील त्याला पहिला प्रश्न विचारतो तो हाच: कुलमुखत्यारपत्र हवे की विशिष्ट कामापुरते? मग कोणती जमीन, तिचा सर्व्हे क्रमांक, भाड्याने देण्याचा अधिकार आहे की विकण्याचाही, न्यायालयात उभे राहायचे की केवळ कचेरीत अर्ज करायचा, हे सारे एकेक करून लिहिले जाते. चार माडांच्या भाटासाठी एवढी काळजी घेणारे आपण, लाखो रुपयांच्या जत्रोत्सवाची किंवा शतकाकडे झुकलेल्या ग्रंथालयाची सूत्रे देताना 'सगळे तुमच्यावर' या दोन शब्दांवर भागवतो. वास्तविक आपल्या देवस्थान समित्यांमध्ये अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांच्या जोडीला मुखत्यार हे स्वतंत्र पदच असते. पोर्तुगीज राजवटीतील १९३३ सालच्या देवस्थान कायद्याखाली चालत आलेल्या या रचनेत न्यायालयात व कचेरीत देवस्थानाची बाजू मांडण्याचे काम त्या पदाकडे असते, अध्यक्षाने स्वतः प्रत्येक दारी जावे अशी अपेक्षा नसते. नोंदणीकृत संस्थांनाही हीच सोय आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे कलम ६ सांगते की संस्थेचा दावा कोणत्या पदाधिकाऱ्याच्या नावे चालावा, हे नियमांनी ठरलेले नसेल, तर नियामक मंडळ त्या प्रसंगापुरती एखादी व्यक्ती नेमू शकते. प्रसंगापुरती नेमणूक ही कल्पना कायद्याला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुचली होती. आपल्याला ती खुर्च्या भाड्याने आणण्यापुरतीही सुचत नाही.

तेव्हा पहिली विनंती अशी की सोपवायचे ते लिहून सोपवा. त्यासाठी मोठा मसुदा लागत नाही. बैठकीच्या इतिवृत्तात अर्धे पान पुरते. कोणते काम, किती मुदतीसाठी, किती रकमेपर्यंत न विचारता खर्च करता येईल, कोणत्या बाबतीत आधी विचारलेच पाहिजे आणि केव्हा कळवायचे, एवढे त्यात आले पाहिजे. यांपैकी रकमेची मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच आपण टाळतो, कारण आकडा लिहिला की आपला हात बांधला जातो. 'योग्य तो खर्च करावा' असे लिहिले म्हणजे योग्य काय, हे नंतर ठरवण्याची सत्ता आपल्याकडे राहते. सरकारी कारभाराला आपण पुष्कळ नावे ठेवतो, आणि ती ठेवण्यासारखी आहेतही, पण कोणत्या पायरीवरच्या अधिकाऱ्याने किती रकमेपर्यंत मंजुरी द्यावी हे सरकार निदान लिहून ठेवते. केंद्र सरकारचे वित्तीय अधिकार प्रदान करण्याचे १९७८ चे नियम होते, ते बदलून २०२४ मध्ये नवे आले. आपल्या किती संस्थांकडे असा एक कागद आहे?

मर्यादा किती असावी, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आहे. लहान भजनी मंडळाला दोन हजार पुरतील, मोठ्या देवस्थानाला पन्नास हजारही कमी पडतील. पण शून्य ही मर्यादा कोणालाच परवडणारी नाही. शाळेतला नादुरुस्त पंखा बदलण्यासाठी मुख्याध्यापकांना व्यवस्थापकांच्या सहीची वाट पाहावी लागत असेल, तर ते मुख्याध्यापक शैक्षणिक निर्णय कोणत्या आत्मविश्वासाने घेतील, हे मला कळत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो आणि तो हलका नाही. देवाचा किंवा वर्गणीदारांचा पैसा आहे. उद्या गैरव्यवहार झाला तर? हा प्रश्न शिवकालातही होता. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांवर एकाच माणसाच्या हाती सगळे दिलेले नसे. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, धान्य व दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे, असे अधिकार वाटलेले असत आणि प्रत्येकाचे दुसऱ्यावर आपोआप लक्ष राही. म्हणजे अविश्वासाची शक्यता गृहीत धरूनही अधिकार गडावरच ठेवलेला होता. प्रत्येक पोते उघडण्याआधी राजगडाला विचारावे लागत नव्हते. आपल्यालाही हे सहज करता येते. खरेदी ठरवणारा एक आणि पैसे चुकते करणारा दुसरा, एवढी विभागणी पुष्कळ प्रश्न सोडवते. आता तर बँकांच्या ऑनलाइन व्यवहारांत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी व्यवस्था संस्थांच्या खात्यांना मिळते. त्यासाठी समितीचा एक ठराव बँकेला द्यावा लागतो. हा ठराव करण्याऐवजी आपण काय करतो? अध्यक्ष परगावी जाण्यापूर्वी कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक खजिनदारांच्या कपाटात ठेवून जातात. पाचशे रुपयांसाठी कार्यकर्त्यावर विश्वास न टाकणारी समिती कोऱ्या धनादेशांचे पुस्तक निर्धास्तपणे सोडून जाते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. याला अधिकार सोपवणे म्हणत नाहीत. सही करणाऱ्याने आपले काम सोडून दिलेले असते आणि घेणाऱ्याला आपली हद्द ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा की आमच्याशिवाय चालत नाही. काही संस्थांच्या बाबतीत ते खरेही आहे, आणि तीच चिंतेची बाब आहे. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, तेव्हा जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळ्यांसारख्या अधिकाऱ्यांवर राज्य सोपवून गेले. राजा शत्रूच्या राजधानीत नजरकैदेत, निरोप पोहोचणे दुष्कर, आणि तरीही महिनोन्महिने राज्य उभे राहिले. पुढे अष्टप्रधानांच्या व्यवस्थेत तर हे नित्याचेच झाले. बहुतेक प्रधानांना मोहिमेवर जावे लागे आणि त्यांच्या मागे त्यांचे कामकाज मुतालिक पाहत. अध्यक्ष पंधरा दिवस मुंबईला गेले की ज्या संस्थेचा पत्रव्यवहार ठप्प होतो, तिने शिवजयंतीच्या भाषणांत या राज्यव्यवस्थेचे गोडवे गाताना थोडे थांबावे.

फार लांबचा दाखला नको असेल तर आपल्याच मातीतला घ्या. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे. श्रावणात चोवीस तास अखंड भजन चालते आणि वेगवेगळ्या समाजांचे व व्यावसायिकांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, वाजतगाजत येतात. कितीतरी गावांतील सप्ताहांतही दिवसरात्रीचे प्रहर वाड्यावाड्यांना वाटून दिलेले असतात. आपल्या वाट्याच्या वेळेत कोण गाणार, पखवाजावर कोण बसणार, बाहेरचा गायक बोलावायचा की गावच्या पोरांना संधी द्यायची, हे तो वाडा ठरवतो. एखाद्या वाड्याचे भजन रंगत नाही म्हणून समितीने मध्येच उठून टाळ हाती घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अखंडतेची काळजी समितीची, वाट्याच्या वेळेतला निर्णय वाड्याचा. कोणत्याही व्यवस्थापनाच्या वर्गाला न जाता आपल्या पूर्वजांनी ही वाटणी केली, आणि ती टिकली याचे कारण मला असे वाटते की वेळेची हद्द स्पष्ट होती आणि हद्दीच्या आत कोणी ढवळाढवळ करीत नव्हते.

हद्दीच्या आत ढवळाढवळ न करणे, हा या साऱ्या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे. लिहून देणे एका बैठकीत होते; लिहून दिल्यावर गप्प बसणे वर्षभर करावे लागते. आपल्यापैकी अनेकांनी जत्रेतल्या किंवा कला अकादमीच्या स्पर्धेतल्या नाटकांचे दिग्दर्शन केले आहे. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शक विंगेत किंवा प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीशी उभा राहतो. नटाने वाक्य गाळले, प्रकाश चुकीच्या जागी पडला, तरी तो रंगमंचावर धावत जात नाही. तालमींत मात्र त्याने जीव तोडून सांगितलेले असते. हाच माणूस संस्थेचा अध्यक्ष झाला की ऐन कार्यक्रमात सूत्रसंचालिकेच्या हातात चिठ्ठ्या का देत बसतो, हे कोडे मला उलगडलेले नाही.

ढवळाढवळ नेहमी उघडपणे होते असेही नाही. कार्यकर्त्याने ठरवलेल्या छपाईवाल्याला पदाधिकाऱ्याने परस्पर फोन करून 'जरा दर पाहा' म्हणणे, व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहावर निर्णय टाकून 'सर्वांनी मते द्यावीत' असे सुचवणे, किंवा नुसतेच 'बघा, तुमची मर्जी' असे अशा सुरात म्हणणे की समोरच्याला आपली मर्जी कळूच नये, हे सारे दिलेला अधिकार परत घेण्याचेच प्रकार आहेत. समूहावरच्या मतांचे तर विशेष नुकसान होते. वीस जण बोलतात, निर्णय कोणाचा हे कळत नाही आणि चुकले तर कोणीच सापडत नाही.

येथे दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ज्यांच्याकडे काम दिले जाते, त्यांच्यातही निर्णय परत वर पाठवण्याची सवय असते. 'तुम्हीच सांगा, काका' म्हटले की मान दिल्यासारखा होतो आणि जोखीमही टळते. अशा वेळी ज्येष्ठाने उत्तर देऊन टाकणे सोपे असते, आणि दिलेही जाते, कारण विचारले गेल्याचे सुख कोणाला नको असते? माझे मत असे की अशा वेळी 'तुला काय योग्य वाटते ते लिहून आण, मग बोलू' एवढेच म्हणावे. पहिल्या दोन-तीन वेळा कामाला उशीर होईल. तो सोसावा. काही चुकाही होतील, आणि कोणत्या चुका संस्थेला सोसतील याचा अंदाज आधीच घेऊन त्या बेताने काम द्यावे. पत्रिकेवर मान्यवरांच्या नावांचा क्रम चुकला तर चार माणसे रुसतील. त्यातून संस्था बुडत नाही.

काही गोष्टी सोपवू नयेत, हेही खरे. देवस्थानाचे दागिने व स्थावर, वार्षिक हिशेब, कर्मचाऱ्यांची नेमणूक व बडतर्फी, संस्थेचे धोरण बदलणारा कोणताही निर्णय, हे समितीने, आणि जेथे घटना तसे सांगते तेथे सर्वसाधारण सभेनेच घ्यायचे आहेत. तक्रार आली तर तिचे उत्तर देणे हेही समितीचे काम आहे. कार्यकर्त्याला पत्रकारांपुढे किंवा मामलेदार कचेरीत एकटे पाठवू नये.

आणखी एक गोष्ट जाता जाता लिहितो. जत्रा असो, चवथ असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपल्याकडे कामाचा मोठा भार महिला उचलतात. निर्णयाच्या खुर्च्यांवर त्या किती दिसतात, हे प्रत्येक संस्थेने आपल्या छायाचित्रांतच पाहावे. महिला समिती स्थापून तिला हळदीकुंकवाचे काम देणे म्हणजे अधिकार देणे नव्हे.

आपल्या सभांमधून पंचायतींना अधिकार मिळत नाहीत, असे ठराव मी ऐकले आहेत आणि त्यांना हातही वर केला आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आले, गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ मध्ये झाला. परंतु अनुच्छेद २४३ छ नुसार अधिकार देणे हे राज्याच्या विधिमंडळाच्या इच्छेवर राहिले, आणि गोव्यातल्या १९१ पंचायतींपैकी कोणत्याही पंचायतीच्या सरपंचाला विचारले तरी विषय कागदावर आले पण पैसा आणि माणसे पर्वरीच्या मंत्रालयातच राहिली, अशी तक्रार ऐकायला मिळेल. पंचायतीचा सचिवसुद्धा सरकारचा नोकर असतो. ही तक्रार रास्त आहे. पण मंत्रालयाने पंचायतीशी जे केले तेच आपण आपल्या उपसमित्यांशी करीत असू, तर त्या ठरावाला वजन कुठून येणार?

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. यंदाच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हिशेबमंजुरीच्या लगोलग एक विषय घ्यावा: 'उपसमित्या व कार्यकर्ते यांना द्यावयाचे अधिकार व खर्चाच्या मर्यादा'. प्रत्येक चालू उपक्रमासाठी एक जबाबदार व्यक्ती, तिच्या निर्णयाची हद्द, रकमेचा आकडा आणि मुदत ठरावात लिहावी. त्या हद्दीत घेतलेला निर्णय समिती आपलाच मानेल आणि बाहेर त्याचे समर्थन करील, असे एक वाक्य त्यात असावे. बैठकीच्या आत त्या निर्णयावर हवी तेवढी कठोर चर्चा करावी. बँकेचा ठराव त्याच दिवशी करून घ्यावा आणि कोऱ्या सह्यांचे धनादेश असतील तर ते रद्द करावेत. सहा महिन्यांनी मर्यादा कमी-जास्त कराव्यात, पण मधल्या काळात त्यांना हात लावू नये.

ज्या संस्था असा ठराव करतील, त्यांनी तो आपल्या सूचनाफलकावर लावावा, म्हणजे सभासदांनाही कोणत्या कामासाठी कोणाकडे जायचे ते कळेल. ज्यांना तो करणे शक्य वाटत नाही, त्यांनी कारणे सभेपुढे मांडावीत; तीही ऐकण्याची आम्हां सभासदांची तयारी आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वर्गणीदार सभासद
फोंडा, गोवा